सूज दिसली म्हणून पाणी तोडायचं का?

डिचोलीकडच्या एका नव्या स्टाफ नर्सने हा प्रश्न विचारला आहे. मेडिसिन वॉर्डात लागून तिला थोडेच महिने झालेत आणि एकाच आठवड्यात तिच्याकडे तीन पेशंट आले. पहिली पन्नाशीची बाई. थायरॉईड कमी, तोंड आणि पाय सुजलेले, घरच्यांनी स्वतःहूनच पाणी तोडलेलं. दुसरे सत्तरीचे आजोबा. अंगावर सूज कुठेच नाही, तरी डॉक्टरांनी दिवसाला ८०० मिलीची मर्यादा घातलेली. तिसरी गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं पुड्या घेतलेली बाई. चेहरा गोल, पाय सुजलेले, उलट्या चालू, आणि तिला मात्र सलाईन भराभर सोडायला सांगितलं. ती लिहिते, "सुजलेलीला पाणी आणि न सुजलेल्याला बंदी. सलाईनचा रोलर उघडताना माझा हात थांबला. हॉर्मोनच्या पेशंटमध्ये आम्ही नेमकं बघायचं काय?"

अगं, हात थांबला ते चांगलंच झालं. विचारून मग उघडलास ना, तेवढं पुरे. डॉक्टरांच्या दोन्ही ऑर्डरी बरोबर आहेत. चूक पहिल्या बाईच्या घरच्यांची, आणि तीही मायेपोटी केलेली. सूज बघून पाणी ठरवायचं ही सवय आपल्याला हृदयाच्या आणि किडनीच्या पेशंटमुळे लागते. तिथे ती बहुतेक वेळा चालून जाते. हॉर्मोनच्या पेशंटमध्ये चालत नाही, कारण इथे पाणी धरून ठेवणारं हॉर्मोन वेगळं असतं आणि पाणी साठण्याची जागाही वेगळी. म्हणून मी तीन गोष्टी एकत्र बघते: सूज दाबून काय होतं, रक्तातलं सोडियम किती आहे, आणि कालच्यापेक्षा आज वजन किती. यातल्या एकट्या सुजेवर मी काहीच ठरवत नाही.

आजोबांपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त काम तिथे आहे आणि दिसतं सगळ्यात कमी.

त्यांच्या फाईलवर एसआयएडीएच लिहिलेलं असणार. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून एडीएच नावाचं हॉर्मोन येतं. ते किडनीला सांगतं, पाणी परत घे. या आजारात ते गरज नसताना सुटत राहतं. न्यूमोनिया, टीबी, फुफ्फुसाचा कॅन्सर, मेनिंजायटिस ही कारणं, आणि औषधंही: फिटची कार्बामाझेपिन, नैराश्याची सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रॅम. लघवीतून पाणी जायचं ते थांबतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. नॉर्मल लिटरला १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक), ते १२०च्या खाली उतरलेलंही आपण बघतो. आता सूज का नाही? कारण हे जादाचं पाणी शरीरभर पसरतं आणि त्यातलं बरंचसं पेशींच्या आत शिरतं. शिवाय शरीर लघवीतून मीठ टाकत राहतं, त्यामुळे पायावर खड्डा पडेल एवढं पाणी बाहेर साठतच नाही. पण मेंदूच्या पेशी फुगतात, आणि कवटीत फुगायला जागा नसते.

म्हणून या पेशंटचे पाय बघू नकोस, बोलणं बघ. कालपर्यंत नातवाचं नाव घेणारे आजोबा आज सिस्टरला सुनेच्या नावाने हाक मारतात, मळमळतं म्हणून जेवण परत पाठवतात, बाथरूमला जाताना झोक जातो. घरचे म्हणतात, वय झालं. वय एका रात्रीत होत नाही. जीसीएस (शुद्ध किती आहे त्याचा स्कोअर), प्रश्नांची उत्तरं, चाल, डोकेदुखी हे सगळं शिफ्टच्या सुरुवातीला टिपून ठेव, म्हणजे पुढच्या सिस्टरला तुलना करता येईल. बेडचे कठडे वर, सक्शन जवळ, आणि रात्री एकट्याने उठू द्यायचं नाही.

आता ८०० मिली. ऑर्डर लिहायला एक ओळ लागते, पाळायला चोवीस तास. आपल्याकडच्या माणसाचा दिवस बघ: उठल्यावर चहा, दहाच्या सुमाराला पेज, दुपारी शीत (भात) आणि हुमण (माशाची आमटी), वर सोलकढी, चार वाजता परत चहा. हे सगळं झाल्यावर नातेवाईक शपथेवर सांगतात की पाणी त्यांनी फक्त दोन घोट घेतलं. आणि ते खरंच असतं! पेज त्यांच्या लेखी जेवण आहे. एक वाडगा पेज म्हणजे पाव लिटरच्या आसपास, आणि त्यातलं बहुतेक पाणीच. म्हणून पेज बंद करायची गरज नाही, निवळ काढून शीत खायला द्यायचं. हुमण भातावर पुरतं घ्यायचं, वाटीने प्यायचं नाही. सोलकढी हवीच असेल तर ती मोजून, ८०० मधूनच.

मी ८०० मिलीचे भाग करते: मॉर्निंगला ३५०, इव्हिनिंगला ३००, नाईटला १५०. सकाळी एका बाटलीत मोजून पाणी भरून ठेवायचं आणि चहा, दूध, कढी जे काही दुसरं घेतलं त्याच्याएवढं पाणी त्या बाटलीतून ओतून टाकायचं. चार्ट न वाचता येणाऱ्या सोबतच्या माणसालाही बाटली वाचता येते. गोळ्या शक्यतो जेवणाबरोबरच द्यायच्या, नाहीतर सहा गोळ्यांना सहा वेळा पाणी जातं. आणि "सिस्टर, तान लागल्या, इल्लें उदक दी गो" हे दिवसातून वीस वेळा ऐकावं लागणार, त्याची तयारी ठेव. दर दोन तासांनी तोंड ओलं करून दे, ओठांना व्हॅसलीन, चूळ भरून थुंकायला सांग, आवळ्याची फोड चघळायला दे. हॉस्पिटलात तहान भागवायला आपण एवढंच करू शकतो, पण ते मनापासून केलं तर पेशंट चोरून नळाचं पाणी पीत नाही.

मिठाचं उलटं आहे. या आजोबांना मीठ तोडायचं नाही. पाणी कमी आणि मीठ-प्रथिनं पुरेशी, असाच आहार त्यांना लागतो. डॉक्टरांनी हो म्हटलं तर सुक्या बांगड्याचा तुकडाही चालेल, फक्त त्याने तहान वाढते हे लक्षात ठेवून. शेजारच्या बेडवरच्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटला तोच तुकडा विष. डाएटच्या ट्रॉलीवर ही अदलाबदल फार सहज होते.

सलाईनच्या बाटल्याही पाण्यातच मोज. अँटिबायोटिक १०० मिलीत दिवसातून तीनदा गेलं की ३०० मिली संपले. ते मर्यादेत धरायचं की वेगळं, हे राउंडलाच विचारून घे. ते डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) जात असेल तर थांबून विचार, कारण साखर जळून जाते आणि उरतं ते नुसतं पाणी. सोडियम कमी आहे मग साधं नॉर्मल सलाईन देऊ या, असं वाटतं ना? एसआयएडीएचमध्ये किडनी त्यातलं मीठ लघवीत टाकते आणि पाणी ठेवून घेते, आणि सोडियम कधी कधी आणखी उतरतं. म्हणून इथे सलाईन ऑर्डरशिवाय 'वेन चालू ठेवायला' म्हणूनही लावू नये. रक्त काढताना ज्या हाताला ड्रिप चालू आहे त्या हातातून काढायचं नाही, आणि सोबत शुगर बघायची. शुगर चारशे-पाचशे असेल तर सोडियम त्यामुळेही कमी दिसतं.

फिट आली किंवा पेशंट गुंगीत गेला तर ३ टक्के सलाईन येतं, साधारण १०० ते १५० मिलीचा बोलस (थोड्या वेळात एकदम द्यायचा डोस). नॉर्मल सलाईनमध्ये लिटरला १५४ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असतं, यात ५१३. बाटल्या दिसायला सारख्या, म्हणून मी ती कधीच नॉर्मल सलाईनच्या कपाटात ठेवू देत नाही. लावण्याआधी दोघींनी लेबल वाचायचं आणि इन्फ्युजन पंपावरच द्यायची. वेन मोठी आणि पक्की हवी.

आणि इथे जी भीती खरी बाळगायला हवी ती सोडियम लवकर वाढण्याची. दिवसेंदिवस हळूहळू उतरलेलं सोडियम चोवीस तासांत ८ पेक्षा जास्त वाढू न देण्याचं उद्दिष्ट बहुतेक ठिकाणी ठेवतात. भराभर वाढवलं तर मेंदूतल्या नसांचं आवरण खराब होतं. पेशंट आधी सुधारल्यासारखा दिसतो आणि दोन ते सहा दिवसांनी बोबडा बोलायला लागतो, घास गिळता येत नाही, हातपाय गळतात. हे परत भरून येईलच असं नाही. दारूने लिव्हर गेलेले, कुपोषित, पोटॅशियम कमी असलेले पेशंट यात लवकर सापडतात. आपल्या हातात यातलं काय? लघवी. कारण दूर झालं, एखादी गोळी बंद केली की शरीर एकदम पाणी सोडायला लागतं, तासाला १०० मिलीच्या वर पाण्यासारखी लघवी येते. बॅग भरभर भरतेय म्हणून आपण खूश होतो. तेव्हाच फोन करायचा आणि सोडियम पुन्हा पाठवायचं. सकाळच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. टोलव्हॅप्टन (एडीएचचं काम अडवणारी गोळी) सुरू केलं असेल तर पहिले चोवीस तास पाण्याची मर्यादा उठवलेली असते आणि पेशंटला तहान लागली की पिऊ द्यायचं असतं. जुनी ऑर्डर बेडच्या पाटीवर तशीच राहते, ती पुसायची आठवण ठेव.

एक गोष्ट राहिली. सोडियम कमी असलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटची गोळ्यांची पिशवी ओतून बघायची. बीपीच्या जोडगोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोर्थॅलिडोन असतं आणि तेच कारण निघतं. घरच्यांना ती फक्त 'बीपीची गोळी' म्हणून माहीत असते. त्यांच्याकडून पाकीट मागून घे.

एसआयएडीएचचा शिक्का मारण्याआधी डॉक्टर थायरॉईड आणि कॉर्टिसोल (किडनीवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींचं हॉर्मोन) का तपासतात, ते आता कळेल. ही दोन्ही हॉर्मोन कमी असली तरी सोडियम असंच उतरतं. तुझी तिसरी पेशंट त्यातलीच.

तिच्या पुड्या. गोव्यात काय किंवा सिंधुदुर्गात काय, गुडघ्यांना 'गुण देणाऱ्या' बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या मिळतात. त्यातल्या काहींत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं, म्हणजे कॉर्टिसोलसारखं काम करणारं स्टिरॉइड. दोन दिवसांत दुखणं जातं, भूक लागते, बरं वाटतं, म्हणून बाई वर्षानुवर्षं घेते. मग चेहरा गोल होतो, मानेमागे चरबी येते, कातडी पातळ होऊन जरा लागलं की काळंनिळं होतं, बीपी आणि शुगर चढते, मीठ-पाणी धरून पाय सुजतात. दरम्यान बाहेरून स्टिरॉइड मिळतंय म्हणून पिट्युटरी गप्प बसते आणि अॅड्रिनल ग्रंथी आळसावतात. आणि एक दिवस पुडीवाला येत नाही. किंवा बाईला जुलाब-उलट्या लागतात, पुडी पोटात राहत नाही. शरीराला कॉर्टिसोल लागतं तेव्हाच ते नसतं. बीपी पडतं, पोट दुखतं, शुगर उतरते, ती निपचित पडते. पायांत पाणी दिसतंय, पण रक्तवाहिन्या रिकाम्या आहेत. म्हणून सलाईन भराभर.

यात क्रम असा: हायड्रोकॉर्टिसोन (औषधाच्या रूपातलं कॉर्टिसोल) १०० मिग्रॅ ताबडतोब, शिरेतून नाहीतर स्नायूत. कॉर्टिसोलसाठी रक्त आधी काढून ठेवता आलं तर उत्तम, पण त्यासाठी इंजेक्शन पाच मिनिटंही थांबवायचं नाही. नॉर्मल सलाईन पहिल्या तासात साधारण लिटरभर, शुगर कमी असेल तर डेक्स्ट्रोजही. बीपी दर पंधरा मिनिटांनी, शुगर तासातासाला. तुझी भीती होती ना की पाणी छातीत भरेल? त्यासाठी फुफ्फुसाचा तळ ऐक, श्वासाचा वेग आणि एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन) बघ, लघवी मोज. वय जास्त किंवा हृदय कमजोर असेल तर हे अर्ध्या अर्ध्या बाटलीला कर. दम लागला तर वेग कमी करून कळव. पण नुसते पाय सुजलेत म्हणून रोलर बंद करायचा नाही.

पुढच्या चोवीस तासांत हायड्रोकॉर्टिसोन साधारण २०० मिग्रॅ जातं, बहुधा ५० मिग्रॅ दर सहा तासांनी. मध्यरात्रीनंतरचा डोस हा चुकणारा डोस. पेशंट शांत झोपलीय, उठवू कशाला, असं मनात येतं. उठव.

टीबीमुळे किंवा इतर कारणाने अॅड्रिनलच निकामी झालेली असेल तर चित्र थोडं वेगळं. हिरड्या, तळहाताच्या रेषा, जुने व्रण काळपट होतात आणि पोटॅशियम वाढतं. पुडीवालीत बहुधा हे दोन्ही नसतं. अॅड्रिनल निकामी झालेल्या पेशंटला पोटॅशियम असलेली सलाईनं आणि शहाळं रिपोर्ट बघितल्याशिवाय द्यायचं नाही.

आणखी एक प्रश्न विचारायचा, पण एकांतात: बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का, नंतर दूध आलं का, पाळी परत आली का. चाळिशी-पन्नाशीची बाई, थकलेली, सोडियम कमी, आणि उत्तर आलं की शेवटच्या बाळंतपणानंतर दूधही नाही आणि पाळीही नाही, तर पिट्युटरी तेव्हाच सुकलेली असू शकते. वर्षानुवर्षं या बायका टॉनिकवर असतात. डॉक्टरांना राउंडमध्ये नवऱ्यासमोर न मिळालेली ही माहिती सिस्टरला मिळते.

तुझी पहिली बाई. तिच्या नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धर. खड्डा पडत नसेल, कातडी जाड, थंड, कोरडी असेल, पापण्या फुगलेल्या आणि आवाज घोगरा असेल, तर ही मिक्सिडिमाची सूज. थायरॉईड कमी असताना कातडीखाली चिकट द्रव्यं साठतात आणि ती पाणी ओढून धरतात. हे पाणी तहान मारून निघत नाही, लॅसिक्सनेही (लघवी वाढवणाऱ्या औषधानेही) निघत नाही. थायरॉईडच्या गोळीने, म्हणजे थायरॉक्सिनने निघतं, आणि त्याला आठवडे लागतात. घरच्यांना हे समजावून सांग आणि तिला पाणी पिऊ दे, सोडियमचा रिपोर्ट कमी आला नसेल तर. खड्डा पडत असेल तर मात्र हृदय, किडनी, हृदयाभोवतीचं पाणी यांची शक्यता राउंडला बोलून दाखव. दोन्ही सुजा एकाच पायावर असू शकतात.

थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. वॉर्डात सकाळी सगळ्या गोळ्या एकाच वाटीत जातात, हे मी कितीदा बघितलंय सांगायला नको. ही एक गोळी नाईट सिस्टरनेच पहाटे द्यायची, हा नियम केला की प्रश्न मिटतो. म्हातारी किंवा हृदयाची पेशंट असेल तर डोस छोटा सुरू होतो, १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅम. छातीत दुखणं, नाडी वाढणं यावर नजर ठेव.

हीच बाई सुस्त होत गेली, नाडी पन्नासच्या खाली आणि अंग थंड, तर थर्मामीटर ३५ दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नकोस. काचेचा साधा थर्मामीटर ३५च्या खाली दाखवतच नाही. कमी तापमान मोजणारा मागव. गोव्यात एवढी थंडी कुठे, असं म्हणू नये. ही अवस्था यायला थंडीच हवी असं नाही, एखादं इन्फेक्शन किंवा झोपेची गोळी पुरते. चादरी-ब्लँकेटने हळूहळू ऊब द्यायची. गरम पाण्याची पिशवी नको, तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होऊन बीपी पडतं. झोपेचं इंजेक्शन नको. आणि थायरॉक्सिनचा मोठा डोस जाण्याआधी हायड्रोकॉर्टिसोन गेलंय ना, हे औषधाच्या शीटवर बघून घे.

तू विचारलं नाहीस, पण कधीतरी याच्या अगदी उलटा पेशंट येईल, ज्याचं पाणी तोडलं तर तो मरेल. पिट्युटरीचं ऑपरेशन झालेला किंवा डोक्याला मार लागलेला. एडीएच सुटतच नाही, लघवी तासाला २५०-३०० मिली, रंग नाही, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवीचा दाटपणा) १.००५च्या खाली. याचं नाव डायबिटिस इन्सिपिडस. त्या नावातल्या डायबिटिसमुळे लोक शुगर बघतात, नॉर्मल आली की निश्चिंत होतात आणि डेस्मोप्रेसिन (एडीएचचं काम करणारं औषध) द्यायचं राहून जातं. असे अपघात झाले म्हणूनच २०२२मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी हे नाव बदलून आर्जिनीन व्हॅसोप्रेसिन (म्हणजे एडीएचच) डेफिशियन्सी असं सुचवलं. डेस्मोप्रेसिन ही 'सोयीची' गोळी नव्हे. ते फार्मसीत नसेल तर नाईटला सुद्धा शोधायचं. उलट, डोस चालू असताना पेशंट सवयीने घटाघटा पाणी पीत राहिला तर सोडियम उतरतं. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर पहिले दिवस लघवी भरपूर, मग आठवड्याच्या आसपास एडीएच उलटं जादा सुटून सोडियम कमी, असंही होतं. तोवर पेशंट घरी गेलेला असतो. डिस्चार्जच्या वेळी सांगून ठेव: डोकं दुखलं, उलटी झाली, गुंगी आली तर ड्रेसिंगच्या तारखेची वाट बघू नका.

लेबर रूममध्ये काम पडलं तर ऑक्सिटोसिन लक्षात ठेव. त्याचा थोडा परिणाम एडीएचसारखाच असतो. डेक्स्ट्रोजमध्ये घालून तासन्‌तास जास्त डोस चालला तर पाणी साठून बाईला फिट येऊ शकते, आणि सगळे बीपीच्या झटक्याचा विचार करत बसतात.

आता वजन. इनटेक-आउटपुट चार्टवर माझा विश्वास अर्धाच आहे. तीन शिफ्ट, तीन हस्ताक्षरं आणि रोज १५०० आत, १२०० बाहेर, हे कुठल्या वॉर्डात होत नाही? घाम, पातळ शौच, चोरून प्यायलेलं पाणी चार्टवर येतच नाही. मे महिन्यात पंख्याखालच्या जनरल वॉर्डात घामाने किती जातं आणि एसी आयसीयूत किती, हा फरकही नाही. वजन हे सगळं मोजतं. एका दिवसात एक किलो वाढलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी, कारण चरबी एका रात्रीत किलोभर वाढत नाही. तोच काटा, सकाळची तीच वेळ, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तेवढेच कपडे. उठता न येणाऱ्याचा डायपर कोरडा आणि ओला तोलायचा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. पोटाचा घेर आणि पोटरी मोजायची तर कातडीवर पेनने खूण कर, नाहीतर प्रत्येक सिस्टर वेगळ्या जागी टेप लावते.

स्टिरॉइड जादा असलेल्या आणि अल्डोस्टेरॉन (अॅड्रिनलचंच, मीठ धरून ठेवणारं हॉर्मोन) जादा असलेल्या पेशंटमध्ये पोटॅशियम कमी होतं. पाय जड वाटणं, पोट फुगणं, नाडी अनियमित होणं यावरून ते कळतं. अल्डोस्टेरॉनवाल्यात सूज बहुधा नसते, बीपी मात्र हट्टी. पोटॅशियमचं इंजेक्शन कधीही सरळ शिरेत नाही, पातळ करून, हाताच्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत. याउलट स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉन अडवणारी गोळी) सुरू झालं की पोटॅशियम चढतं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी 'अशक्तपणा' म्हणून रोज दोन शहाळी आणतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. 'कमी सोडियम'चं मीठ घेतलंय का, हेही विचार, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. आणि थायरॉईडसाठी चांगलं म्हणून सैंधव घेणाऱ्यांना सांग की आयोडीन पाकिटातल्या आयोडीनयुक्त मिठात असतं.

लॅसिक्स सकाळी, दुसरा डोस असेल तर चारच्या आत, नाहीतर रात्री बाथरूमच्या वाटेवर माणूस पडतो. सुजेचं खापर हॉर्मोनवर फोडण्याआधी गोळ्यांत अॅम्लोडिपिन हे बीपीचं किंवा पायोग्लिटाझोन हे शुगरचं औषध आहे का ते बघ. दोन्हींनी पाय सुजतात.

स्टिरॉइडवालीच्या पातळ कातडीवर चिकटपट्टी ओढून काढायची नाही, पाण्याने भिजवून सोडवायची. पावसाळ्यात सुजलेल्या पायांची बोटं रोज उघडून बघ. जून ते सप्टेंबर चप्पल वाळतच नाही, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि तिथून इन्फेक्शन शिरतं. स्टिरॉइडमुळे तिला ताप यायचाही नाही. लालसर पट्टा किंवा नुसती गरम पोटरी दिसली तरी सांगायचं.

साखळी-वाळपईकडून असा पेशंट बांबोळीला मेडिकल कॉलेजात पाठवायचा झाला तर चिठ्ठीत शेवटचं सोडियम आणि त्याची वेळ, कुठलं सलाईन किती गेलं, हायड्रोकॉर्टिसोन दिलं का आणि कधी, हे लिहून दे. अॅड्रिनलच्या संशयात इंजेक्शन १०८मध्ये चढण्याआधी जायला हवं. तिकडे पोचल्यावर बघू, असं नको.

पुडीवाली बाई घरी जाईल तेव्हा तिच्याशी आणि शक्यतो सुनेशीही बस. डॉक्टरांनी दिलेली स्टिरॉइडची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, कमी करायची तर डॉक्टरच करतील, कारण ग्रंथी जाग्या व्हायला महिने लागतात. ताप आला तर डोस दुप्पट करायचा, किती दिवस ते डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. उलटी होऊन गोळी पडली तर घरी थांबायचं नाही, इंजेक्शनला यायचं. हरितालिकेचा निर्जळी उपास यंदा नाही, आणि हे तिच्या सासूलाही ऐकू दे. फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'स्टिरॉइडवर अवलंबून' लिही आणि तसंच एक कार्ड पर्सला. दात काढायला गेली तरी ते आधी दाखवायचं. घरात उरलेल्या पुड्या फेकायला सांगू नकोस. येताना घेऊन यायला सांग, म्हणजे आत काय होतं याचा अंदाज डॉक्टरांना येईल, आणि घरात कुणाचा गुडघा दुखला की डब्यातून परत त्याच बाहेर निघायच्या नाहीत.